देवाने माफ केलं, मग भावाला सांगायचं कशाला?

पत्र थोडक्यात असं: "वय ४१. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं बँकेचं खातं मी सांभाळत होते. औषधपाण्याच्या नावाखाली त्यातली बरीच रक्कम मी स्वतःकडे वळवली आणि धाकट्या भावाला खोटा हिशेब दाखवला. वडील जाऊन ९ वर्षं झाली, आई त्यांच्या आधीच गेली. भावाला आजही काही माहीत नाही, तो मला आईच्या जागी मानतो. मी ख्रिस्ती घरात वाढले. गेली दोन वर्षं रोज रात्री गुडघे टेकून याच पापाची क्षमा मागते, रडते, झोपते. सकाळी ओझं जागच्या जागी. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका जवळच्या बाई म्हणाल्या, क्रुसावर सगळा हिशेब चुकता झालाय, आता उकरून काढणं म्हणजे अविश्वास. मग मला सुटल्यासारखं का वाटत नाही? देवाने खरंच माफ केलंय का? आणि केलं असेल, तर भावाला सांगायची गरज उरते का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोघांचा गुंता तिथेच आहे. हो, भावाला सांगायचं आहे आणि पैसेही परत करायचे आहेत. पण देवाची क्षमा मिळावी म्हणून नव्हे. भावाचं देणं तुम्ही रोज रात्री देवाकडे भरू बघताय. देव ते घेत नाही, कारण ते त्याचं नाही. भाऊ मागत नाही, कारण त्याला ठाऊकच नाही. मग सकाळी बाकी तेवढीच दिसणार, दुसरं काय होणार?

त्या बाईंचं बोलणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. आपल्याविरुद्धचं कर्जखत देवाने खोडलं आणि क्रुसाला खिळून टाकलं, ही प्रतिमा बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातली (२:१४). पण ते कर्जखत माणूस आणि देव यांच्यामधलं. तुमच्या भावाची त्यावर सही नाही. ज्याने ते कर्जखत खोडलं त्यानेच डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५:२३-२४) सांगून ठेवलंय: वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग येऊन अर्पण करा. 'तुमच्या मनात भावाविरुद्ध' असं तिथे नाही, 'भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध' असं आहे. म्हणजे हे वचन दुखावलेल्यासाठी नाही, दुखावणाऱ्यासाठी आहे. आणि ऐकणारे होते गालीलातले. वेदी यरुशलेमात, पायी सुमारे तीन दिवसांवर. अर्पण वेदीपाशी सोडून गावी जायचं आणि पुन्हा यायचं म्हणजे आठवडा गेला. एवढा खोळंबा चालेल, पण भावाला वगळून केलेली उपासना चालणार नाही, असं येशू म्हणतोय.

तुमच्यासारखं प्रकरण शास्त्रात जवळजवळ शब्दशः आहे. लेवीय ६:१-७ काढा. कुणी विश्वासाने सोपवलेल्या ठेवीत फसवणूक केली आणि वर खोटं बोलला, तर काय करायचं? मूळ रक्कम पूर्ण परत, त्यावर पाचवा हिस्सा जास्त, आणि हे सगळं ज्या दिवशी दोषार्पण करायचं त्याच दिवशी मालकाच्या हाती. अर्पणाची गोष्ट त्यानंतर येते. मालक हयात नसला तर? गणना ५:८ सांगतं, जवळच्या नातलगाला द्या, तोही नसेल तर मग परमेश्वराला, याजकाच्या हाती. तुमचे वडील गेले, पण भाऊ आहे. म्हणून ती रक्कम गुपचूप दानपेटीत टाकून मोकळं होण्याचा रस्ता तुम्हाला नाही. हा मोह बहुतेकांना होतो. दान दिलं की चांगलंही वाटतं आणि तोंडही उघडावं लागत नाही.

आता तुमच्या मनात येईल, परतफेड केल्यावरच क्षमा मिळणार असेल तर कृपा कसली? जक्कयाच्या गोष्टीतला (लूक १९:१-१०) क्रम बघा. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, झाडावर चढून बसलाय. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तोवर जक्कयाने एक पैसाही परत केलेला नाही, तसं वचनही दिलेलं नाही. आधी पाहुणा घरी आला, मग यजमान उठून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. चौपट हा आकडा त्याने मनाचा काढलेला नाही. चोरलेलं मेंढरू मारलं किंवा विकलं तर चार मेंढरं द्यायची, हा निर्गम २२:१ चा नियम. ज्याच्यावर प्रेम झालं त्याचा हात आपोआप सैल सुटला, इतकंच.

या एका मुद्द्यावर ख्रिस्ती मंडळींमध्ये, एरवी किती का भांडण असेना, एकमत आहे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी या प्रोटेस्टंट शिकवणीच्या पुस्तकाचे तीन भाग आहेत: माणसाची दैना, त्याची सुटका आणि उपकारस्मरण. दहा आज्ञा कुठे ठेवल्यात? तिसऱ्या भागात. म्हणजे 'चोरी करू नको' ही आज्ञासुद्धा सुटका झालेल्याने आभार म्हणून पाळायची. कॅथलिक शिकवण (धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद १४५९) तेच दुसऱ्या बाजूने सांगते: पापमोचनाने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करावं लागतं.

देवाने माफ केलंय का, याचं उत्तर तुम्ही भावनेत शोधताय. ते शब्दांत शोधा. येशूला दया आली, असं मराठीत आपण वाचतो, त्यामागचा ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपल्याकडे 'आतडं तुटलं' म्हणतात ना, थेट तेच. नव्या करारात हे क्रियापद १२ वेळा येतं, सगळं पहिल्या तीन शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत), आणि येशूच्या दाखल्यांत, म्हणजे बोधकथांत, तीनच जणांसाठी: वाटेत जखमी पडलेला माणूस पाहून थांबलेला शोमरोनी (शोमरोन प्रांतातला माणूस), उधळ्या पुत्राचा बाप, आणि कर्ज सोडून देणारा राजा. हिब्रूतला करुणेचा शब्दही असाच देहातला, 'गर्भाशय' या शब्दाशी नातं सांगणारा. देवाच्या प्रेमाबद्दल बोलताना आपण उगाच हवेत बोलतो. शास्त्र पोटातलं बोलतं.

उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५) तुम्हाला पाठच असेल. तरी एक गोष्ट पुन्हा वाचा. बापाकडून घेतलेली वाटणी उडवून बसलेला मुलगा परदेशातच भाषण तयार करतो. त्यात तीन वाक्यं: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. घरी आल्यावर बहुतेक भाषांतरांत तो पहिली दोनच बोलतो. तिसरं बाप बोलूच देत नाही, झगा, अंगठी आणि वहाणा मागवतो. तुम्ही गेली दोन वर्षं ते तिसरं वाक्य म्हणताय. कबुली संपली आहे आणि मजुरीची बोली चाललीय: आणखी रडते, आणखी गुडघे टेकते, मग तरी घे. ती बोली ऐकून घेणारा बाप त्या गोष्टीत नाही.

आणि राजाचा दाखला (मत्तय १८:२३-३५), कारण तो हिशेबाचा आहे आणि तुम्हाला हिशेब टोचतोय. चाकराचं देणं १० हजार तालांत. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एक तालांत म्हणजे सुमारे ६ हजार दिनार. गुणाकार करा: ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. तरी तो चाकर म्हणतो, मला वेळ द्या, सगळं फेडतो! देवाशी फेडाफेडी करू पाहणाऱ्याची ही थट्टाच आहे, आणि थोडी तुमच्या रात्रीच्या प्रार्थनेचीही. दुसरं देणं, सोबतीच्या चाकराचं, १०० दिनार. ते क्षुल्लक असल्यासारखं प्रवचनांत सांगतात. क्षुल्लक कसलं, चार महिन्यांची मजुरी ती! दाखल्यात माफी मिळालेला चाकर याच देण्यापायी सोबत्याचा गळा धरतो म्हणून शिक्षा भोगतो, पण १०० दिनार देणं नव्हतंच असं कुणीच म्हणत नाही. तुमचं पहिलं देणं माफ झालंय. दुसरं फेडण्याजोगं आहे, म्हणून फेडायचं.

जाता जाता शब्दांबद्दल. मराठी ख्रिस्ती भाषेचा अर्धा संसार सावकाराच्या वहीतून आल्यासारखा वाटतो: कर्जखत, खंडणी, तारण. बँकेत तारण म्हणजे गहाण, उपासनेत तारण म्हणजे सुटका. 'खंडणी' तर बातम्यांनी पार नासवला. मार्क १०:४५ मधली खंडणी म्हणजे गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला भरलेली किंमत, धमकावून उकळलेले पैसे नव्हेत. जुन्या करारात सोडवणारा हा नातलगच असायचा. भावाने गरिबीपायी जमीन विकली तर ती परत घ्यायची (लेवीय २५:२५), तो स्वतः विकला गेला तर त्याला सोडवायचं (२५:४७-४९), आणि खर्च आपल्या पदरचा. ख्रिस्ताने उद्धार केला म्हणजे त्याने हे नातं पत्करलं आणि पदरचं दिलं. ही किंमत नेमकी कुणाला दिली गेली यावर मंडळीने शतकानुशतकं वाद घातलाय. तुमच्या प्रश्नासाठी त्यात शिरायची गरज नाही.

मग हलकं का वाटत नाही? तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून नाही. स्तोत्र ३२ मध्ये पाप झाकून गप्प राहणाऱ्याची हाडं झिजतात. तुम्ही देवापुढे बोललात, भावापुढे अजून गप्प आहात. सद्सद्विवेकबुद्धी नीट चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्तोत्र ५१ जरा जपून वापरा. 'तुझ्याविरुद्धच मी पाप केलंय' असं दावीद तिथे म्हणतो, आणि तेवढंच धरून माणसं दुखावलेल्याला विसरतात. दावीद राजाने ज्याची बायको घेतली आणि ज्याला मारवलं तो उरीया मेलेला होता, दावीद त्याला काही परत देऊ शकत नव्हता. तुमचा भाऊ जिवंत आहे. दुसरं, दावीदाची कबुली आणि नाथान संदेष्ट्याचं 'परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय' हे उत्तर, दोन्ही एकाच ओवीत आटोपतात (२ शमुवेल १२:१३). परिणाम मात्र पुढे अनेक वर्षं दावीदाच्या घरात चालू राहिले. माफी आणि परिणाम एकाच घरात नांदू शकतात.

येशूला धरून देणारा यहूदा आणि 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणारा पेत्र, या दोन शिष्यांची तुलना इथे उपयोगी पडते. यहूदाला पस्तावा झाला, त्याने 'मी पाप केलं' म्हटलं, ३० नाणी परतही केली (मत्तय २७:३-५). कागदावर सगळं बरोबर. पण तो गेला याजकांकडे, ज्यांनी 'आम्हाला त्याचं काय' म्हणून हात झटकले, आणि मग एकटा पडला. पेत्र रडला, पण इतरांसोबत राहिला. पुढे तळ्याकाठी येशूने त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का (योहान २१). नकार तीनदा, प्रश्न तीनदा. तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला होता. नव्या करारात त्या विस्तवाचा शब्द दोनच ठिकाणी येतो: इथे, आणि पेत्राने नाकारलं त्या अंगणात. जखम जिथे झाली तिथेच नेऊन बरी केली. नकाराचा उच्चारसुद्धा न करता.

तेव्हा हे करा.

रात्रीची ती प्रार्थना थांबवा. एकदा, शेवटची, पापाचं नाव घेऊन कबुली द्या, '१ योहान १:९' वाचा आणि वहीत तारीख टाका. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला जा. तिथलं बोलणं फादर कुठेही उघड करू शकत नाहीत, हा त्यांच्यावरचा कडक नियम आहे. इतर मंडळीत असाल तर पाळकांपैकी किंवा वडीलजनांपैकी एक तोंड बंद ठेवणारी व्यक्ती गाठा. साक्ष म्हणून मंडळीपुढे मात्र बोलू नका. भावाच्या आधी ते शंभर जणांना कळणं ही त्याची दुसरी फसवणूक होईल. पुढे त्या पापाचा विचार आला की क्षमा मागायची नाही. 'माफ केलंस, उपकार' म्हणायचं आणि विचारायचं, भावाच्या बाबतीत आज काही करायचं राहिलंय का? असेल तर करायचं, नसेल तर उठून कामाला लागायचं.

हिशेब काढा. खात्याचे जुने उतारे मिळवा, अंदाजावर जाऊ नका. आठवणीतला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा लहान असतो. तुम्ही दोघंच वारस असाल आणि वाटणी समान असेल, तर घेतलेल्या रकमेचा निम्मा भावाचा. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे. त्यावर पाचवा हिस्सा चढवा: घेतले १००, तर भावाचे ५०, वर १०, एकूण ६०. लेवीयातला नियम आज कायदा म्हणून लागू नाही. पण तो जास्तीचा हिस्सा आपल्या सोयीने आकडा कमी करण्याची खोड मोडतो. ९ वर्षांत पैशाची किंमत घसरली असं भाऊ म्हणाला, तर तो बरोबरच म्हणेल, वाद घालू नका. एकदम देता येत नसेल तर हप्ते ठरवा, तारखांसह, आणि तीन महिन्यांनी मोडणार नाहीत एवढेच. कर्ज काढून फेडू नका. घरखर्च कुणासोबत वाटून चालवत असाल तर त्या माणसाला आधी सांगा. खोटी सही किंवा बनावट कागद झाला असेल तर पत्र देण्याआधी वकिलाला एकदा भेटा. लपवण्यासाठी नव्हे, कबुलीचे परिणाम कळावेत म्हणून.

मग पत्र. समोरासमोर बोलताना तुम्ही रडाल, आणि त्याला तुमचीच समजूत काढावी लागेल. म्हणून आधी लिहा, त्याच्या हाती द्या आणि निघा. सहा-सात वाक्यं पुरेत: "वडिलांच्या आजारपणात त्यांच्या खात्यातून मी इतकी रक्कम स्वतःसाठी घेतली. तुला दाखवलेला हिशेब खोटा होता. तुझा वाटा इतका होतो. पाचवा हिस्सा वर धरून तो मी या तारखांना देणार आहे. पहिली रक्कम सोबत आहे. उतारे जोडले आहेत. काही विचारायचं असेल तर खरं उत्तर देईन." यात 'पण' नको. तेव्हा मी किती अडचणीत होते, वडिलांची सेवा मीच केली, यातलं काही नको. सेवा केली असेलच, पण त्याची मजुरी तुम्ही न विचारता घेतलीत, म्हणूनच तर हे पत्र. बायबलचं एकही वचन घालू नका. विशेषतः 'सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर' हे तर मुळीच नको. ते येशूने पेत्राला सांगितलं, दुखावलेला माणूस म्हणून. दुखावणाऱ्याच्या तोंडी ते वचन म्हणजे वसुलीची नोटीस. सणाचा, लग्नाचा किंवा वडिलांच्या स्मृतीचा दिवस टाळा.

क्षमा, समेट आणि भरवसा या तीन निराळ्या गोष्टी आहेत. क्षमा तो एकटा करू शकतो, तुम्हाला न सांगताही. समेटाला दोघं लागतात. भरवशाला हप्ते लागतात, वेळेवर भरलेले. तो कदाचित वर्षभर बोलणार नाही. तरी ठरल्या तारखेला रक्कम जायला हवी, सोबत चिठ्ठी-चपाटी नको. तो 'नको मला तुझे पैसे' म्हणाला तर एकदा, फार तर दोनदा विचारा, आणि मग ते कुठे द्यायचे हे त्यालाच ठरवू द्या. उलट टोकाचीही काळजी घ्या: स्वतःला शिक्षा म्हणून ठरल्यापेक्षा दुप्पट देणं, स्वतःला सगळं नाकारणं. त्यात प्रायश्चित्ताच्या नावाखाली तीच मजुरीची बोली पुन्हा सुरू होते.

उशीर झालाय असं वाटत असेल तर जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाचं आयुष्य आठवा. १७४८ च्या वादळात जहाजावर त्याने देवाचा धावा केला. त्यानंतरही तो गुलामांच्या व्यापारात होता, जहाजाचा कप्तान म्हणून. समुद्र सुटला १७५४ मध्ये, तोही आजारपणामुळे. त्या व्यापारातल्या आपल्या वाट्याची जाहीर, छापील कबुली त्याने दिली १७८८ मध्ये. ४० वर्षं! ती साक्ष गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्यात कामी आली आणि १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला, न्यूटन वारला त्याच वर्षी. तुमची ९ वर्षं जास्त नाहीत. दहावं मात्र घालवू नका.

एक शक्यता राहते. सांगून झालं, हप्ते सुरू झाले, तरीही तेच पाप रोज तासभर किंवा जास्त डोक्यात घोळतंय, कबुली 'नीट' झाली नाही म्हणून पुन्हा पुन्हा द्यावीशी वाटतेय, तर तो पश्चात्ताप नाही. २ करिंथकरांस ७:१० मध्ये दोन दुःखं आहेत, एक पश्चात्तापाकडे नेणारं, दुसरं मरणाकडे. हे ते दुसरं. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याला १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा इथे याच गोष्टीने जिवावर उठेपर्यंत छळलं. जुनी पापं पुन्हा कबूल करायचीच नाहीत असं ठरवल्यावर तो सुटला. आज यावर उपचार आहेत. प्रार्थनेसोबत मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी.

पत्र दिलंत त्या रात्री ५१ वं स्तोत्र काढू नका. १०३ वं काढा. २२ ओव्या आहेत, मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटं लागतात. १२ व्या ओवीपाशी पूर्व आणि पश्चिम येतात, तिथे थोडं थांबा, पुढचं वाचा आणि झोपा.